नवे टायर, गॅरेजचं काम आणि काही महिन्यांचा वापर

चारही टायर नवे टाकून आता बरेच महिने झाले. टायर उत्तम निघाले. ओल्या रस्त्यावर पकड चांगली आहे, आवाज जुन्यांपेक्षा कमी आहे, जोरात ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबते. पण या काळात चारपैकी दोन टायरना जो त्रास झाला तो खड्ड्यांमुळे नाही, गॅरेजमधल्या कामामुळे झाला. गॅरेजमध्ये नकळत टायर खराब होऊ शकतो का, असं अनेक जण विचारतात. होतो. फक्त लोक शोधतात तिथे ते नुकसान सहसा दिसत नाही.

पहिला त्रास हवेचा. तीन टायर 33 पीएसआयवर ठाम असायचे, चौथा मात्र आठवड्याभरात तीन-चारने उतरायचा. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, खिळा नव्हता. व्हॉल्ववर साबणाचं पाणी टाकून पाहिलं, तिथेही बुडबुडा नाही. शेवटी दुसऱ्या एका टायरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं, तेव्हा रिमच्या कडेतून अगदी बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसली. टायर उतरवल्यावर कारण समोर आलं. टायरची जी कड रिममध्ये घट्ट बसते, जिला बीड म्हणतात, तिथला रबराचा एक पापुद्रा सुटला होता. टायरवाल्याने तो नखाने उचलून दाखवला. सगळा पापुद्रा एकाच दिशेने ओढला गेला होता. आतली तार उघडी पडली नव्हती, पण हवा निसटायला तेवढी फट पुरेशी होती.

चालत्या गाडीत बीड रिमच्या आत दाबून बसलेली असते. दगड, खिळा, फुटपाथची कड, यातलं काहीच तिथपर्यंत पोचत नाही. तिथे पोचतं ते टायर चढवायचं मशीन आणि लिव्हर. त्यामुळे अशी ओढल्याची खूण दिसली की ती फिटिंगच्या वेळीच झाली, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

असं का होतं, हे त्याच टायरवाल्याने समजावलं. बीडच्या आत पोलादी तारांची वळी असते, ती अजिबात ताणली जात नाही. म्हणून टायरची एक बाजू रिमवर चढवताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरावी लागते, म्हणजे तेवढी ढील मिळते. घाईत ती बाजू वर राहिली आणि मशीन तसंच फिरवलं, तर सगळा ताण कडेच्या रबरावर येतो आणि रबर फाटतं. साबणाची पेस्ट कमी लावली तर आणखीच. साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत; ती कमी उंचीची आणि कडक असेल तर हा धोका जास्त. टायर रिमपासून सुटा करायला मशीनच्या बाजूला जे फावडं असतं, ते रिमच्या कडेला न लागता वर साइडवॉलवर लागलं तर आतल्या थराला इजा होते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. व्हॉल्वला आतून प्रेशर सेन्सर असेल तर तोही याच कामात तुटू शकतो, म्हणून टायर उतरवण्याआधीच सेन्सर असल्याचं सांगून ठेवावं.

फोटो घेऊन मूळ फिटिंगवाल्याकडे गेल्यावर पहिलं उत्तर आलं, “खड्ड्यात आदळला असेल.” बीडचा आतून काढलेला फोटो दाखवला, खड्ड्याने इथे कसं लागेल असं विचारलं, तेव्हा त्याने मान्य केलं आणि टायर बदलून दिला. हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. टायर कंपनीची वॉरंटी सहसा उत्पादनातल्या दोषासाठी असते, चढवताना झालेली इजा तिच्यात धरत नाहीत. म्हणजे फिटिंगवाल्याने हात वर केले असते तर तो टायर वायाच गेला असता.

दुसरा त्रास जास्त चीड आणणारा, कारण त्यात टायरला कुणी हातही लावला नव्हता. समोरचे टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगला चाकांशी जोडणारे सांधे, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलले. अलाइनमेंटबद्दल, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याबद्दल, विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, “स्टीअरिंग सरळ आहे ना, मग गरज नाही.” हे साफ चूक आहे. टाय रॉड बदलला की चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतो. दोन्ही चाकं सारख्याच प्रमाणात आत किंवा बाहेर वळलेली असतील तर गाडी अगदी सरळ जाते, स्टीअरिंगही सरळ राहतं, आणि टायर मात्र रस्त्यावर सतत तिरके घासत राहतात.

काही आठवड्यांनी पुढून घरघर ऐकू यायला लागली. ट्रेडवरून तळहात आडवा फिरवला. आतून बाहेर आणताना हात गुळगुळीत सरकत होता, बाहेरून आत नेताना प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडत होती, करवतीच्या दातांसारखी. टो बिघडल्याची ही खूण डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळते. ट्रेडची खोली मोजायचं डेप्थ गेज लावल्यावर डाव्या पुढच्या टायरची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा एक मिलिमीटरहून जास्त उतरलेली निघाली. मेकॅनिक लोक याला ‘टायर आतून खातोय’ म्हणतात. अलाइनमेंट केल्यावर खाणं थांबलं, घरघर थोडी कमी झाली, पण गेलेलं रबर गेलंच. सस्पेन्शनचं किंवा स्टीअरिंगचं कुठलंही काम झालं की त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या.

मात्र प्रत्येक गोष्टीचं खापर गॅरेजवर फोडणं बरोबर नाही. साइडवॉलला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात, आणि ते बहुतेक वेळा खड्ड्यात किंवा फुटपाथवर आदळल्याने तुटतात. फुगा कधी कधी काही दिवसांनी वर येतो, म्हणून सर्व्हिसिंगनंतर दिसला की लोक गॅरेजला धरतात. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच. उलट साइडवॉलवर उभी, किंचित खोलगट रेघ दिसली तर ती टायर बनवताना आतले थर जिथे एकमेकांवर येतात तिथली असते. तिने काही बिघडत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण बघाव्यात. बंपरचं काम झाल्यावर चाकावरचं प्लास्टिक सैल राहिलं किंवा स्क्रू बाहेर राहिला तर तो टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल जुळतात त्या कडेवर, रेघ मारत राहतो. डिझेल, ऑइल किंवा ग्रीस टायरवर सांडून तसंच राहिलं तर रबर फुगतं, मऊ पडतं. एकाच दिशेने फिरणाऱ्या टायरवर बाण असतो, चाकांची अदलाबदल झाल्यावर तो पुढच्या दिशेला आहे ना ते पाहावं. पंक्चर ट्रेडच्या मधल्या भागात आणि 6 मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच काढावं, खांद्यावर किंवा साइडवॉलवर नाही. टोच्याने भोक उगाच मोठं केलं की आतले पोलादी धागे तुटतात.

हवेबद्दल मात्र मी हट्टी झालोय. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत हवा बऱ्याचदा जास्त असते, आणि तशीच चालवली की ट्रेड मधोमध झिजतो. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. साइडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो.

आता गाडी गॅरेजला देण्याआधी चारही टायरचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवतो. साइडवॉलवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडेही त्यात घेतो. 2323 असेल तर तो टायर 2023 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय, म्हणजे टायर बदलला गेला तर लगेच कळतं. परत घेताना गेटच्या आतच स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरची आतली बाजू बघतो. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, उलट तो स्वतः टॉर्च आणून देतो. नट गनने न आवळता टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच, आवळणारा तर मी सोडतच नाही.

सध्याची स्थिती अशी: तीन टायर 6 मिलिमीटरच्या वर आहेत, डाव्या पुढच्याची आतली बाजू 5 वर आली आहे. झिजेची खूण 1.6 वर आहे, तेव्हा अजून बराच पल्ला आहे. पण हा टायर बाकीच्यांच्या आधी संपेल. एकाच एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवायचा नाही, म्हणून त्याच्याबरोबर उजवा धडधाकट टायरही काढावा लागेल.