प्रारंभिक बीजगणित, पाच युनिट: कम्युनिटी कॉलेजमधील एका वर्गाचे परीक्षण

दहावीनंतर कला शाखा घेतली आणि गणिताचा संबंध सुटला, अशी कितीतरी मराठी मंडळी लग्नामुळे किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत येतात, आणि येथे नव्याने काही शिकायचे ठरवले की पहिली अडचण गणिताचीच येते. लेखाकर्म शिकायचे असो, परिचारिका व्हायचे असो किंवा प्रयोगशाळेत तंत्रज्ञाचे काम करायचे असो, वाटेत कुठेतरी सांख्यिकी किंवा तत्सम विषय घ्यावा लागतो आणि त्याच्या मुळाशी बीजगणित असते. मलाही लेखाकर्माकडे वळायचे होते, म्हणून कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीतील (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आमच्या घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात, मी प्रारंभिक बीजगणिताचा, म्हणजे तेथे ज्याला ‘बिगिनिंग आल्जेब्रा’ म्हणतात तो, पाच युनिटचा (युनिट म्हणजे विषयाचे श्रेयांक) वर्ग पूर्ण केला. माझे मत आधीच सांगते. ज्यांचे गणित सुटून बरीच वर्षे झाली आहेत आणि ज्यांना ते घोकून नव्हे तर समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा वर्ग उत्तम आहे. मात्र तो प्रत्यक्ष वर्गात बसून, पूर्ण सेमिस्टरभर आणि घरी रोज वेळ राखून करायला हवा.

भारतातून नव्याने आलेल्यांना ही महाविद्यालये म्हणजे कमी दर्जाची पर्यायी व्यवस्था वाटते. हा समज चुकीचा आहे. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेल्या ज्युनियर कॉलेजापासून ही परंपरा चालत आली आहे आणि आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक महाविद्यालये आहेत. प्रवेशासाठी टक्केवारीची अट नसते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शिकण्याची इच्छा असलेल्या कोणालाही ती दार उघडतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी शुल्क २०१२ पासून प्रति युनिट ४६ डॉलर आहे, म्हणजे पाच युनिटच्या या वर्गाचे मूळ शुल्क २३० डॉलर होते, आणि उत्पन्न कमी असलेल्या रहिवाशांना तेही माफ होऊ शकते. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांना पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकण्याची मुभा आहे. मात्र राज्यात एक वर्षाहून अधिक वास्तव्य झाल्याचे कागदपत्रांनिशी दाखवता आले नाही, तर अनिवासी दर लागतो आणि तो कित्येक पटींनी जास्त असतो. त्यामुळे भाडेकरार, बँकेची पत्रे, राज्याचे आयकर विवरण अशी कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत, हे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

पाच युनिट म्हणजे नेमके किती काम, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. आठवड्याला पाच तास वर्ग आणि त्याच्या साधारण दुप्पट वेळ घरचा अभ्यास, असा येथील हिशेब आहे, आणि तो केवळ कागदावरचा नाही. पहिल्याच दिवशी हातात पडणाऱ्या सिलॅबसमध्ये गृहपाठ, क्विझ, मिडटर्म आणि फायनल यांचे भारांक, उशिरा दिलेल्या कामाबाबतचे नियम आणि प्रत्येक परीक्षेची तारीख छापलेली असते. सेमिस्टरभर सगळे त्यानुसारच चालते. वर्षभराचा अभ्यास शेवटच्या पंधरवड्यात उरकण्याची आपली जुनी पद्धत येथे चालत नाही, कारण फायनलला गुणांचा मर्यादितच वाटा असतो आणि उरलेले गुण दर आठवड्याला मिळवावे लागतात. मला स्वतःला ही व्यवस्था फार न्याय्य वाटली.

अभ्यासक्रमाचा आवाका मोठा आहे. पूर्णांक आणि अपूर्णांकांच्या उजळणीपासून आरंभ करून एका चलातील रेषीय समीकरणे, असमानता, आलेख, रेषेचा चढ, एकसामयिक समीकरणे, घातांक, बहुपदी, अवयव पाडणे, परिमेय पदावल्या, करणी आणि शेवटी वर्गसमीकरणे, इतके सगळे एका सेमिस्टरमध्ये होते. महाराष्ट्रात सातवीपासून दहावीपर्यंत जे बीजगणित पसरलेले असते, त्यातील बराचसा भाग येथे काही महिन्यांत पार पडतो. तरीही आपला अभ्यासक्रम जसाच्या तसा समोर येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. एकसामयिक समीकरणांसाठी दहावीला शिकलेली निश्चयकांची, म्हणजे क्रेमरची पद्धत या पातळीवर कोणी विचारत नाही. त्याऐवजी आलेख काढून दोन रेषा कोठे छेदतात ते पाहणे, एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात घालणे आणि एका चलाचा लोप करणे या तीन पद्धती शिकवल्या जातात, आणि कोणत्या उदाहरणाला कोणती पद्धत सोयीची हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे, अशी अपेक्षा असते. दोन रेषा समांतर निघाल्या तर उत्तरच नसते आणि एकमेकींवर पडल्या तर उत्तरे अगणित असतात, हे मी आलेखाच्या कागदावर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. शाळेत मी तेच वाक्य पाठ केले होते.

या वर्गाचे खरे मोल मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसले. आमच्या प्राध्यापिका कोणताही नियम सांगण्याआधी तो मोडून दाखवत. क्ष अधिक ३ या पदावलीला ३ ने भागताना वरचा आणि खालचा ३ खोडून टाकण्याची चूक वर्गातील निम्मे लोक करत. त्यावर त्या फळ्यावर क्षच्या जागी ६ लिहीत. खरे भागून पाहिले तर उत्तर ३ येते, खोडाखोड केली तर ६ उरतात. मग ‘पदे खोडता येत नाहीत, गुणक खोडता येतात’ हे वाक्य त्या विद्यार्थ्यांकडूनच वदवून घेत. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले पद का येते, हे समजावण्यासाठी त्यांनी एक मोठा चौरस काढून त्याचे चार भाग केले: दोन लहान-मोठे चौरस आणि दोन सारखे आयत. ते सूत्र मला तोंडपाठ होते, पण त्यातील ‘दोन’ कोठून येतो हे मला आजवर कोणी दाखवले नव्हते. अवयव पाडण्याची जी पद्धत आपण मधल्या पदाचे विभाजन म्हणून शिकलो, तीच येथेही आहे. फरक एवढाच की ती का चालते याची चर्चा आधी होते आणि सराव नंतर. ऋण चिन्हासह कंस सोडवणे, समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करणे, असमानतेला ऋण संख्येने गुणल्यावर चिन्हाची दिशा उलटणे, अशा प्रत्येक ठिकाणी आकडे घालून पडताळा घेण्याची सवय लागली आणि त्या सवयीने परीक्षेची भीती निम्म्याने कमी केली. पायऱ्यांना गुण मिळत असल्याने उत्तर चुकले तरी केलेला विचार वाया जात नसे.

शाब्दिक उदाहरणांसाठी थोडी वेगळी तयारी लागते. त्यांतले जग अमेरिकी असते. निकेल म्हणजे ५ सेंट, डाइम म्हणजे १० आणि क्वार्टर म्हणजे २५, हे माहीत आहे असे गृहीत धरलेले असते, आणि डाइम आकाराने निकेलपेक्षा लहान असल्यामुळे नवख्या माणसाचा घोळ होतोच. ३० नाण्यांमध्ये निकेल आणि डाइम मिळून २ डॉलर ४० सेंट होतात, तर प्रत्येकी किती, असे उदाहरण आले की आधी सेंट आणि डॉलर यांचे एकक सारखे करायचे, मग दोन समीकरणे मांडायची, आणि १८ डाइम व १२ निकेल हे उत्तर मूळ वाक्यात घालून तपासायचे. सेल्सिअसचे सूत्र देऊन त्यातून फॅरेनहाइटचे सूत्र काढायला सांगणारे उदाहरण मला विशेष आवडले, कारण रोज हवामान पाहताना ३२ वजा करून ५ ने गुणून ९ ने भागण्याची जी यांत्रिक क्रिया मी करत असे, तिची उलट वाट मी स्वतः काढली. मैल, गॅलन, टक्केवारीने व्याज, दोन द्रावणांचे मिश्रण ही बाकीची नेहमीची उदाहरणे आहेत आणि त्यांत विशेष अवघड काही नाही.

पाठ्यपुस्तकाबाबत आमचे नशीब चांगले होते. अमेरिकेत पाठ्यपुस्तकांच्या किमती छाती दडपून टाकणाऱ्या असतात, परंतु आमच्या वर्गाला ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाचे प्रारंभिक बीजगणिताचे पुस्तक लावले होते, आणि ते संगणकावर पूर्णपणे मोफत मिळते. त्याची दहा प्रकरणे आहेत. प्रत्येक भागाच्या आरंभी मागील कोणत्या गोष्टी यायला हव्यात याची छोटी चाचणी असते, आणि शेवटी एक तक्ता असतो, त्यात अमुक गोष्ट आत्मविश्वासाने जमते, थोड्या मदतीने जमते की अजिबात जमत नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः नोंदवायचे असते. तो तक्ता बहुतेक जण कोराच सोडतात. मी तो प्रामाणिकपणे भरत गेले आणि ट्यूटरिंग सेंटरमध्ये, म्हणजे महाविद्यालयाच्या शिकवणी केंद्रात, जाताना नेमके काय विचारायचे हे त्यामुळे माझ्या हाती तयार असे. वर्गात प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरण्याआधीही हे पुस्तक उघडून पहिली दोन प्रकरणे सोडवून पाहावीत, असे मी सुचवीन. आपली खरी पातळी त्यातून कळते.

ऑनलाइन गृहपाठाच्या प्रणालीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. उत्तर बरोबर असूनही ते अपेक्षित रूपात लिहिलेले नसेल, म्हणजे अपूर्णांकाऐवजी दशांशात किंवा पदांच्या वेगळ्या क्रमाने लिहिले असेल, तर ती ते कधीकधी चूक ठरवीत असे. रात्री मुले झोपल्यावर अभ्यासाला बसणाऱ्या आईने अशा वेळी कोणाला विचारावे? त्याहून मोठा दोष असा, की यंत्र केवळ शेवटचे उत्तर पाहते. विचार कोठे घसरला हे ते सांगत नाही, आणि त्यामुळे काही विद्यार्थी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून पर्याय चाचपडत बसतात. प्राध्यापिकांनी दर आठवड्याला वहीत सोडवलेली काही उदाहरणे हाताने तपासायला मागितली, म्हणून आमचे नुकसान टळले. ज्या वर्गात केवळ संगणकावर गृहपाठ असेल, तो मी निवडणार नाही.

ट्यूटरिंग सेंटर आणि ऑफिस अवर्स या दोन सोयींसाठी मी या महाविद्यालयाला पूर्ण गुण देईन. दोन्ही विनामूल्य असतात. आपल्याकडे शिक्षकांच्या दालनात जाऊन ‘मला हे कळले नाही’ असे म्हणायला मन धजावत नाही, परंतु येथे प्राध्यापक त्यासाठीच ठरलेल्या वेळी बसून असतात आणि कोणी आले नाही तर त्यांना वाईट वाटते. माझ्या शेजारच्या बाकावर लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसत, पलीकडे बांधकामावरून थेट येणारा एक तरुण असे, आणि पुढे नातवंडे असलेल्या एक बाई. कोणीही कोणाच्या वयाकडे किंवा उच्चारांकडे पाहत नसे. तरीही अवयवांच्या धड्यापाशी बाके रिकामी होऊ लागली. जमत नसेल तर सेमिस्टरचा तीन चतुर्थांश भाग संपेपर्यंत विषय सोडता येतो. गुणपत्रकावर त्याची ‘डब्ल्यू’ अशी नोंद राहते, पण ती नापासाची नोंद नव्हे. ही मुदत सिलॅबसमध्ये पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आता या वर्गाच्या भवितव्याविषयी लिहिणे भाग आहे. कॅलिफोर्नियात २०१७ साली विधेयक क्रमांक ७०५ संमत झाले, २०१९ च्या शरद सत्रापासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली, आणि २०२२ च्या विधेयक १७०५ ने ते अधिक कडक केले. प्राथमिक स्तरावर बसवलेले विद्यार्थी एकेक पायरी चढताना गळतात आणि पदवीला उपयोगी पडणाऱ्या गणितापर्यंत फार थोडे पोहोचतात, असा अनुभव होता. म्हणून त्यांना थेट सांख्यिकीसारख्या विषयात घालून सोबत साहाय्यक वर्ग द्यावा, असा या कायद्यांचा गाभा आहे. आमच्या महाविद्यालयाने काही काळ हा वर्ग टिकवला होता, म्हणून मला तो मिळाला. कायद्यामागची कळकळ मला मान्य आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना पातळी ठरवणाऱ्या एका परीक्षेच्या आधारे वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर अडकवून ठेवणे हा अन्यायच होता. परंतु अठरा वर्षांच्या, नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाची गरज आणि वीस वर्षांनी वही उघडणाऱ्या प्रौढ स्त्रीची गरज एक नसते. साहाय्यक वर्गातील दोन-तीन तासांत ऋण चिन्हापासून चढापर्यंतचे सगळे पक्के होईल, असे मला वाटत नाही. ज्यांना स्वतःहून हळू चालायचे आहे, त्यांच्यासाठी ही वाट खुली राहायला हवी होती.

काही महाविद्यालयांत आणि प्रौढशिक्षण शाळांत ती आजही विनाश्रेयांक, म्हणजे पदवीसाठी युनिट न मिळणाऱ्या वर्गाच्या, स्वरूपात आहे, आणि कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या विनाश्रेयांक वर्गांना प्रवेश शुल्क नसते. वेळापत्रकात हे वर्ग ‘नॉनक्रेडिट’ या शीर्षकाखाली वेगळे दिलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या यादीत दिसला नाही म्हणून परत फिरू नये. समुपदेशकाला थेट विचारावे. दहावीचे बीजगणित अलीकडेच चांगल्या गुणांनी झाले असेल तर मात्र या वर्गाची गरज नाही, साहाय्यक वर्गासह सांख्यिकी घ्यावी. निवडताना उन्हाळ्यातील सहा-आठ आठवड्यांचा घाईचा वर्ग टाळावा, कारण अवयव आणि परिमेय पदावल्या मुरायला वेळ लागतो. जागा भरल्या असतील तर प्रतीक्षायादीत नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसावे. पहिल्या आठवड्यात जे येत नाहीत त्यांची नावे प्राध्यापक काढून टाकू शकतात आणि त्या जागा हजर असलेल्यांना मिळतात.