पावसात यॉर्क की डरहॅम?

उत्तर इंग्लंडात हाताशी एकच दिवस आहे आणि सकाळपासून रिपरिप चालू आहे. मग कुठं जावं?

सोय बघाल तर यॉर्क. शॅम्बल्स गल्लीत जुन्या लाकडी घरांचे वरचे मजले इतके पुढे आलेत की भिंतीच्या कडेनं चाललं तर फारसं भिजायला होत नाही. मिन्स्टर या तिथल्या भव्य चर्चला तिकीट आहे, पण पूर्वेकडची प्रचंड खिडकी चुकवू नका. जॉन थॉर्नटननं १४०५ ते १४०८ मध्ये घडवलेली ही रंगीत काच ढगाळ उजेडात डोळ्यांना दिपवत नाही, एकेक चित्र निवांत बघता येतं.

डरहॅमला मात्र स्टेशनपासून चढउतार आहे, ओल्या फरशांवर पाय घसरतो. पण माझा जीव तिथंच अडकलाय! १०९३ मध्ये बांधायला घेतलेलं कॅथीड्रल, प्रवेशाला तिकीट नाही. आत अवाढव्य खांब, कुणावर नागमोडी रेघा, कुणावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी. त्या कोरीव खाचेतून बोट फिरवलं की दगडाचा गारवा थेट आत पोचतो. आणि संत कथबर्टच्या समाधीवर काय, तर नाव कोरलेली एक साधी शिळा. मी तिथं बराच वेळ नुसती बसून राहिले.

लवकर निघालात तर दोन्ही जमतील. रेल्वेनं तासाभराचंही अंतर नाही.