एका यार्डाची राखण

एरवी मी परीक्षण लिहिते ते मिक्सर, शिलाई मशीन असल्या वस्तूंचं. या वेळी जरा मोठी वस्तू घेतली आहे: ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची 2025 च्या हंगामातली बचावफळी, तीही पहिल्याच सामन्यानंतर. वस्तू म्हणायला हरकत नाही, कारण तीही दरवर्षी नव्यानं येते. आधीची पोरं प्रोमध्ये, म्हणजे पगारी संघांत, निघून जातात, कपडे तेच राहतात, आणि आपण जुन्या नावाच्या भरवशावर पुन्हा तेवढ्याच हौसेनं टीव्हीसमोर बसतो.

2024 च्या हंगामातलं मॉडेल जबरदस्त होतं, यात वाद नाही. सामन्यामागे सरासरी 12.9 गुण दिले, अख्ख्या देशात सगळ्यांत कमी. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला (प्रोवाले कॉलेजातली पोरं निवडून नेतात तो) आणि अकरापैकी आठ जण गेले. पुढची फळी तर चारच्या चार गेली: सॉयर, टुईमोलोआऊ, टायलिक विल्यम्स, हॅमिल्टन. ज्यानं हे यंत्र जुळवलं तो डिफेन्सचा कोच जिम नोल्स पेन स्टेटला गेला. आमच्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आमच्याच गटात! सुनेनं माहेरी जावं तर ठीक, ही थेट शेजाऱ्याच्या घरात.

तर 30 ऑगस्ट 2025 ला, पहिल्याच सामन्यात, समोर कोण? देशात पहिल्या क्रमांकाचा मान मिळालेला टेक्सास. आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा हल्ल्याचा सूत्रधार, आर्च मॅनिंग. पेटन आणि ईलाय या नामांकित क्वार्टरबॅकांचा पुतण्या, आर्चीचा नातू. हे घराणं फुटबॉलमधलं मंगेशकर घराणं समजा. पोरानं अजून काही केलेलं नाही, पण आडनाव ऐकूनच लोक सावरून बसतात.

माझी पात्रता आधी सांगते, नाहीतर 'बाईंना काय कळतं' हे येणारच. शाळा-कॉलेजात मी कबड्डी खेळले, डावा कोपरा. मॅट वगैरे नव्हती, मातीचं मैदान. अजून थंडी पडली की डावा गुडघा त्या दिवसांची आठवण करून देतो. कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, आल्यावर पहिली दोन वर्षं मला हा खेळ म्हणजे दोन जमावांची चेंगराचेंगरी वाटायची. मग लेकानं एकदा सांगितलं, "आई, बॉलकडे बघू नकोस, अडवणाऱ्यांच्या पायांकडे बघ." बघितलं, आणि लख्ख दिसलं. ही तर कबड्डीच! फक्त सातांऐवजी अकरा, आणि दम धरायची गरज नाही.

ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: हल्ला करणाऱ्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. सरकले की पुन्हा चार. तीन संधींत नाही जमलं तर शहाणे लोक चेंडू लांब लाथाडून देतात. चौथ्या संधीला, म्हणजे फोर्थ डाउनला, खेळायचा जुगार घेतला आणि फसला, तर चेंडू आहे तिथंच समोरच्याच्या हातात.

टेक्सासनं हा जुगार पाच वेळा घेतला. एकदा जमला. चार वेळा आमच्या पोरांनी पकड केली. निकाल 14-7. सामना कसा झाला हे एका ओळीत हवं असेल तर हीच ओळ.

पण मला एका ओळीत नको आहे, कारण या सामन्यातली सगळ्यांत रंगतदार गोष्ट एका यार्डात घडली. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आपल्या ओट्याची उंची.

तिसरा क्वार्टर. आम्ही 7-0 नं पुढे. टेक्सास सरकत सरकत गोल लाइनच्या (ती ओलांडली की गुण) एका यार्डावर आलं. फोर्थ डाउन. सगळ्या स्टेडियमला माहीत, टीव्हीवाल्यांना माहीत, आमच्या सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या नवऱ्यालाही माहीत (त्यांना क्रिकेटपलीकडे काही कळत नाही), की मॅनिंग स्वतःच चेंडू घेऊन घुसणार. सव्वासहा फुटांच्या आसपासचा धिप्पाड पोरगा, पुढे दीडदीडशे किलोची माणसं ढकलायला. एक यार्ड. कोण अडवणार?

अडवला. मी तो क्षण नंतर सहा वेळा मागे नेऊन पाहिला. तिथं कुणा एकाचं नाव घेऊन टाळ्या वाजवता येत नाहीत, असा तो ढीग आहे. पण नीट बघितलं तर कळतं की आमची मधली फळी उभं राहून धडकलीच नाही, खाली गेली. कबड्डीत नवख्या पोरी चढाईवाल्याच्या छातीला भिडायला जातात आणि फरफटत मध्यरेषेपर्यंत जातात. मुरलेली पोरगी चवड्याला हात घालते. वजन कितीही असो, पायच उचलला नाही तर माणूस जाणार कुठं? इथंही तेच. समोरच्यांना पाय रोवायला जागाच ठेवली नाही, आणि मागून दुसरी रांग वरून येऊन पडली. साखळी तुटली नाही.

इथं एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारीत कॉटन बोलला, म्हणजे विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, हेच टेक्सास, हीच अवस्था. आम्ही 21-14 नं पुढे, त्यांना चार संधी आणि अंतर एक यार्ड. त्यातल्या एका संधीला बाहेरून पळायला गेले आणि सात यार्ड मागे फेकले गेले. मग फोर्थ डाउनला जॅक सॉयरनं चेंडू उडवला, उचलला आणि 83 यार्ड पळत सुटला. सामना 28-14. त्या वेळी बाहेरून गेल्याबद्दल टेक्सासच्या कोचवर, सार्किसियनवर, भरपूर टीका झाली होती. या वेळी ते सरळ मधून आले. एका यार्डानं दोन्ही वाटांनी हुलकावणी दिली.

आणि योगायोगाचं दुसरं टोक म्हणजे आमच्या डिफेन्सचा नवा कोच, मॅट पॅट्रिशिया. हा माणूस 2015 च्या फेब्रुवारीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या डिफेन्सचा कोच होता. सुपर बोलमध्ये, म्हणजे प्रोच्या अंतिम सामन्यात, सिएटल एका यार्डावर येऊन ठेपलं होतं आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरनं पास हिसकावून सामना संपवला, तोच तो सामना. म्हणजे शेवटच्या यार्डाशी याचं नातं जुनं आहे. मात्र नुसता तेवढाच फोटो भिंतीवर लावणं बरं नव्हे. मुख्य कोच म्हणून डेट्रॉइटला गेला तेव्हा 13 विजय, 29 पराभव, एक बरोबरी, आणि तिसरा हंगाम संपायच्या आत घरी. 2024 चं वर्षभर तर तो कुठल्याच संघात नव्हता. त्यामुळे आमच्या मुख्य कोचनं, रायन डेनं, त्याला आणला तेव्हा मी लेकाला म्हटलं होतं, "सेकंडहँड माल दिसतोय." हे विधान मी आज मागे घेते. निम्मं.

का घेते ते सांगते. पॅट्रिशिया शिकलाय विमानांचं इंजिनिअरिंग, आणि त्याची फळी उभी राहते तेव्हा समोरच्याला खरं काय ते कळूच देत नाही. चेंडू हलायच्या आधी एक चित्र, हलल्यावर दुसरं. आता येतोय वाटणारा मागे सरकतो, मागचा अचानक पुढे. मॅनिंग पहिला अर्धा सामना असा दिसत होता, जसा नवा जावई पंक्तीत कोणत्या वाटीला आधी हात घालू म्हणून बघतो. पास सोडायला उशीर, नाहीतर घाईनं जमिनीत. पुढे एक पास आमच्या जर्मेन मॅथ्यूजच्या हातात अलगद. शेवटी 30 पैकी 17 पास, 170 यार्ड, एक टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे), एक इंटरसेप्शन (समोरच्यानं पळवलेला पास). हाफटाइमला टेक्सासच्या नावावर भोपळा होता.

हा लपंडाव चालतो तो तीन माणसांच्या जोरावर. आर्वेल रीस, जो लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला) असून कडेनं क्वार्टरबॅकवर असा तुटून पडतो की त्याचं काम नक्की कोणतं हेच समोरच्याला ठरवता येत नाही. सॉनी स्टाइल्स, पूर्वी सेफ्टी (सगळ्यांत मागचा राखणदार) होता, आता लाइनबॅकर, त्यामुळे अंगानं मोठा पण पाय सेफ्टीचे. आणि सेफ्टी कॅलेब डाउन्स.

डाउन्सबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. तिथल्या कोचनं, निक सेबननं, निवृत्ती घेतल्यावर अलाबामा सोडून हा पोरगा आमच्याकडे आला. त्याचं वेगळेपण म्हणजे तो कधीच धावपळ करताना दिसत नाही. आमच्या कबड्डीच्या बाई म्हणायच्या, जी पोरगी सारखी उड्या मारते तिला खेळ कळलेला नाही. शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत टेक्सासकडे चेंडू, 14-7, बरोबरीची शेवटची संधी. पुन्हा फोर्थ डाउन, पाच यार्ड हवे. मॅनिंगनं पास टाकला, टाइट एंडनं (अडवणारा आणि झेलणाराही असा गडी) झेललाही. तिथं दहातले आठ सेफ्टी चेंडूवर झेप घेतात, चुकतात, आणि तो माणूस पुढे निघून जातो. डाउन्सनं चेंडूचा नाद सोडला. झेलू दिला, आणि झेलला त्याच जागी गडी बांधून टाकला. चार यार्ड. पाच हवे होते. चढाईवाल्याचं बोट मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे राहावं, तसं. मी उठून ओरडले तेव्हा मांडीवरची शेंगदाण्यांची वाटी गालिच्यावर गेली, ते अजून सापडताहेत.

आता दोष. परीक्षण म्हटल्यावर नुसती आरती नको.

टेक्सासनं एकूण 336 यार्ड कमावले, आम्ही 203. हो, जिंकलेल्या संघानं. त्या 336 पैकी 166 पळून. बहुतेकांनी गुणफलक बघून आकडा सोडून दिला, मला तो बोचतो. दोन्ही गोल लाइनपासून लांब, मैदानाच्या मधल्या पट्ट्यात टेक्सासचे पळणारे सहज चार-पाच यार्ड काढत होते. पुढच्या चौघांत सगळेच नवे. कुणीतरी एक जण आपली जागा सोडून आत शिरायचा आणि नेमकं तिथूनच भगदाड. कबड्डीत कोपऱ्यानं साखळी सोडून एकट्यानं सूर मारला की बाई मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायच्या. इथं फेऱ्या कोण मारायला लावतं कोण जाणे, पण लावायला हव्यात. मधल्या पट्ट्यातले यार्ड म्हणजे बोनस गुण, ते देऊन चालतं, असं लेकाचं म्हणणं. चालतं, रोज नाही. बोनस देत देत लोण चढलेले सामने मी पाहिले आहेत.

दुसरा दोष शेवटचा. 14-0 असताना, 3 मिनिटं 28 सेकंद उरलेले असताना, 32 यार्डांचा टचडाउन पास टेक्सासच्या पार्कर लिव्हिंगस्टनला झेलू दिला. त्या वेळी एकच काम होतं, कुणाला पाठीमागे जाऊ द्यायचं नाही, घड्याळ पळू द्यायचं. आणि नेमकं तेच झालं नाही. घरातली सगळी भांडी घासून झाल्यावर शेवटचा कप फोडावा, तसं.

शिवाय एक शंका, तिला दोष म्हणत नाही. हा लपंडाव बुजलेल्या पोरावर चालला. मॅनिंगनं 2024 मध्ये दोन सामने सुरुवातीपासून खेळले, पण परक्या मैदानावर, लाखभर लोक कानात ओरडत असताना, ही पहिलीच वेळ. दोन वर्षं मुरलेला क्वार्टरबॅक समोर आला, त्यानं चेंडू हलायच्या आधीच आमचं दुसरं चित्र ओळखलं, तर ही फळी नुसत्या ताकदीवर टिकेल का? शेवटच्या यार्डाला टिकेल. वीस-तीस यार्डांच्या मोकळ्या रानात, अजून नाही.

आमच्या हल्ल्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एक वाक्य: आमचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन, त्यानं पहिल्याच सामन्यात चुका केल्या नाहीत, चौथ्या क्वार्टरात कार्नेल टेटला 40 यार्डांचा सुरेख पास दिला, बाकी वेळ बचावफळीच्या पदराआड बसला. बसू दे. 203 यार्डांत नंबर एकला हरवता येतं ते असा पदर असला तरच.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. लेकाचे साडेचार, नवऱ्याचे 'जेवायला कधी मिळेल'. माझा पाचवा तारा 27 सप्टेंबरपर्यंत राखून ठेवला आहे. त्या दिवशी सिएटलला जाऊन वॉशिंग्टन विद्यापीठाशी गाठ आहे, त्यांच्या गर्दीत, त्यांच्या मैदानावर. मधले ग्रॅम्बलिंग आणि ओहायो युनिव्हर्सिटीचे सामने घरचेच. त्यावरून मी मत बदलणार नाही, तुम्हीही बदलू नका.

सामना हुकला असेल आणि रेकॉर्डिंग मिळत असेल तर अख्खा बघू नका, पहिला अर्धा भाग कंटाळवाणा आहे. तिसऱ्या क्वार्टरातली गोल लाइन बघा आणि मग थेट शेवटची दोन मिनिटं. डाउन्सचा नंबर 2. पास सुटायच्या आधी त्याचे पाय बघा, चेंडू नको.