दारासमोर कुंड्या ठेवाव्यात की सम-विषमचा फलक मागावा?

नाशिकरोड स्टेशनच्या आसपास, विशेषतः बिटको चौक, देवी चौक आणि मुक्तिधाम यांच्या मधल्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना सकाळी साडेसहा ते सात या वेळेत दारासमोर काय घडते हे सांगण्याची गरज नाही. रेल्वेने नोकरीला जाणारी मंडळी आपल्या दुचाकी जिथे जागा दिसेल तिथे लावून निघून जातात आणि दिवसभर त्या गाड्यांमधून वाट काढणे रहिवाशांच्या वाट्याला येते. यावर आमच्या भागात प्रामुख्याने दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या किंवा खांब-साखळी लावून जागा आधीच अडवून ठेवणे आणि दुसरा म्हणजे सर्वांनी मिळून अर्ज करून गल्लीसाठी सम-विषम पार्किंगचा फलक मिळवणे. आमच्या गल्लीने हे दोन्ही उपाय पुरेसा काळ अनुभवले आहेत. शेजारच्या गल्ल्यांमधून यासंबंधी वारंवार विचारणा होते, म्हणून दोन्हींविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

उपाय निवडण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, असे मला वाटते. बाजारात आलेल्या ग्राहकाची गाडी आणि रेल्वेच्या पासधारकाची गाडी या दोन वेगळ्या अडचणी आहेत. ग्राहक दहा मिनिटांत परत येतो, हॉर्न वाजवला किंवा दुकानात आवाज दिला तर लगबगीने गाडी काढतो. पासधारक मात्र सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेसने जातो आणि रात्री दहाच्या आसपास परततो. १९७५ पासून धावणाऱ्या या गाडीने नाशिककरांना मुंबईची नोकरी आणि नाशिकचे घर असे दोन्ही सांभाळण्याची सोय करून दिली, याबद्दल कोणाच्याच मनात दुमत नसावे. पण मधल्या पंधरा तासांत दुचाकीचा मालक, तो थेट मुंबईला जाणारा असेल तर, सुमारे १९० किलोमीटर दूर असतो. काही जण सौजन्याने मोपेडच्या पुढच्या बाजूला आपला मोबाइल क्रमांक चिकटवतात. अशाच एका क्रमांकावर फोन केला असता मला अत्यंत नम्र उत्तर मिळाले, ‘काका, आत्ता कसारा घाटात आहे, रात्री आलो की लगेच काढतो.’ त्याच्या नम्रतेत खोट नव्हती, परंतु त्या नम्रतेने फाटक उघडले नाही. तात्पर्य, गाडी लागल्यानंतर मालकाला गाठण्यावर जो उपाय अवलंबून आहे, तो आपल्या उपयोगाचा नाही. गाडी लागण्यापूर्वीच ती कुठे लावायची हे ठरवणारा उपाय हवा.

माझा निर्णय मात्र फाटकावरून झाला नाही, तो घंटागाडीवरून झाला. आमची गल्ली साधारण सोळा फुटांची आहे. दुचाकी भिंतीकडे तोंड करून आडवी लावली की ती सहा फूट जागा घेते आणि दोन्ही बाजूंनी अशा गाड्या लागल्या की मध्ये चारच फूट उरतात. माणूस जाईल, सायकल जाईल, पण कचऱ्याचा छोटा टेम्पो कसा जाणार? त्यातून प्रत्येक गाडीला हँडल लॉक लावलेले असते, त्यामुळे एखादी गाडी हाताने सरळ करून वाट मोकळी करावी म्हटले तरी पुढचे चाक वळत नाही आणि दोघा-तिघांना ती उचलूनच सरकवावी लागते. घंटागाडीचा चालक बिचारा किती गाड्या उचलणार? तो गल्लीच्या तोंडाशी थांबून गाणे वाजवतो आणि काही मिनिटांत पुढे निघून जातो. ज्यांच्या घरात तरुण मंडळी आहेत त्यांनी ओला आणि सुका कचरा घेऊन कोपऱ्यापर्यंत धावावे, पण गल्लीत निम्म्या घरांत केवळ वयस्कर माणसेच राहतात. त्यांचा कचरा चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत दारात राहतो, आणि उन्हाळ्यात त्याचे काय होते ते वेगळे सांगायला नको. दारासमोरची गाडी ही एका घराची गैरसोय असते. घंटागाडी आत न येणे ही साऱ्या गल्लीची गैरसोय आहे आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या गाडीची वाट हाही त्याच चार फुटांचा प्रश्न आहे. म्हणून पुढची तुलना मी याच कसोटीवर केली आहे. आपली मुख्य अडचण वेगळी असेल, तर आपला निष्कर्षही वेगळा येऊ शकेल.

कुंड्यांची बाजू प्रथम मांडतो, कारण तिच्यात खरोखर तथ्य आहे. हा उपाय त्याच दिवशी करता येतो, त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, शेजाऱ्यांचे एकमत लागत नाही आणि खर्च प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे करायचा असतो. सिमेंटची मोठी कुंडी मातीने भरली की ती सहज हलवता येत नाही, त्यामुळे फाटकाची रुंदी निश्चित मोकळी राहते. आमच्या ओळीतल्या एका घरी आजींना चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यावे लागते. त्यांच्या दारापुढच्या दोन कुंड्यांनी त्या कुटुंबाचा रोजचा मनस्ताप एका दिवसात संपवला, हे मी जवळून पाहिले आहे. गाड्या लावण्याची वेळ साधणारा, म्हणजे सातच्या आत लागू पडणारा उपाय म्हणून कुंड्या पूर्ण गुणांना पात्र आहेत.

अडचण सुरू होते ती एकाचे पाहून दुसऱ्याने कुंड्या ठेवायला घेतल्या म्हणजे. दारासमोर जागा मिळाली नाही म्हणून कोणी पंचवटी सोडत नाही. गाडी कुंडीच्या पलीकडे किंवा कुंडी नसलेल्या शेजाऱ्याच्या दारात जाते. मग तोही कुंड्या आणतो आणि पाहता पाहता गल्लीच्या दोन्ही कडांचे दीड-दीड फूट कुंड्यांनी व्यापले जातात, आणि गाड्या त्यांच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याच्या आणखी मध्यभागी येऊन उभ्या राहतात. आमच्याकडे नेमके असेच झाले. प्रत्येकाचे फाटक मोकळे झाले आणि गल्ली पूर्वीपेक्षा अरुंद झाली. घंटागाडीच्या दृष्टीने मोपेड आणि कुंडी यांत काहीच फरक नाही, उलट मोपेड रात्री निघून तरी जाते.

कायद्याचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. फाटकाबाहेरची जागा आपण झाडतो, सडा घालतो, रांगोळी काढतो, पण ती सार्वजनिक रस्त्याचाच भाग आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार रस्त्यावर विनापरवाना ठेवलेली वस्तू आयुक्तांना नोटीस न देताही हटवता येते. म्हणजे नियम मोडून लावलेल्या गाडीविरुद्ध तक्रार करायला आपण जातो तेव्हा आपल्याच दारातली कुंडी आपली बाजू लंगडी करते. मला हे फार बोचले. ज्यांच्याकडून आपण नियमाची अपेक्षा करतो, त्यांच्यासमोर आपलेही पाऊल नियमातच असावे, अशी माझी प्रामाणिक भावना आहे.

फोन करून गाडी उचलून नेण्यास सांगणे हा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ त्यासाठी आहे आणि त्यात दोन प्रसंग दिले आहेत. पार्किंगला मनाई असलेल्या जागी वाहन उभे असणे हा एक, आणि सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ वाहन बेवारस किंवा देखरेखीविना सोडलेले असणे हा दुसरा. आमच्या गल्लीतली गाडी पंधरा तास उभी राहते, त्यामुळे दुसरा प्रसंगही तिला लागू होऊ शकतो. मात्र सकाळी सातला लावलेल्या गाडीचे दहा तास संध्याकाळी पाचला पूर्ण होतात आणि तोवर घंटागाडी येऊन गेलेली असते. कोणाच्या फाटकाचा रस्ता अडवण्यास २०१७ च्या वाहन चालन विनियमांत मनाई आहे, त्यामुळे अगदी फाटकात उभ्या गाडीसाठी या मार्गाचा जरूर उपयोग करावा. रोजच्या रोज मात्र तो परवडणारा नाही.

आता सम-विषमविषयी. यात सम तारखेला गल्लीच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. फलक आपण रंगवून लावू नये. वाहतुकीची चिन्हे लावण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाचा आहे आणि खासगी फलकाच्या आधारावर कोणाला दंड करता येत नाही. वाहतूक पोलिसांकडे सर्व घरांच्या सह्यांचा अर्ज द्यावा, त्याची प्रत महापालिकेच्या नाशिकरोड विभागीय कार्यालयात द्यावी आणि पाठपुरावा करावा लागेल हे गृहीत धरावे. येथे कुंड्यांसारखा झटपट निकाल नाही. सह्या गोळा करणे हेच मोठे काम आहे. ज्यांच्या बाजूला एकाआड एक दिवस गाड्या लागणार, ते सर्व प्रथम विरोध करतात. त्यांना हे समजावून सांगावे लागते की सध्या तर त्या रोजच लागत आहेत.

या पद्धतीतले काही दोष मी लपवणार नाही. महिना एकतीस दिवसांचा असला की एकतीस आणि एक या दोन्ही तारखा विषम येतात, त्यामुळे एकाच बाजूला लागोपाठ दोन दिवस भार पडतो आणि त्यावरून हमखास कुरबुर होते. ज्यांची स्वतःची मोटार गल्लीत उभी असते, त्यांना ती रात्री निजण्यापूर्वी बाजू बदलून लावावी लागते, आणि पावसाळ्यात हे कोणालाच आवडत नाही. शिवाय ज्या दिवशी आपल्या बाजूची पाळी असते, त्या दिवशी फाटकासमोर गाडी लागण्याचा धोका उरतोच. तेवढ्यापुरती दक्षता घ्यावी लागते.

असे असूनही माझा कल या उपायाकडे झुकतो, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. एक बाजू रिकामी राहिली की सोळापैकी दहा फूट मोकळे राहतात आणि पाच फूट रुंदीची घंटागाडी आत येऊन विनासायास बाहेर पडते. फलक लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडी ओढाताण झाली, पण नंतर घंटागाडीचे गाणे पुन्हा आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येऊ लागले. दुसरे कारण मला आधी सुचले नव्हते. अधिकृत फलक असला की चुकीच्या बाजूच्या गाडीचे छायाचित्र घेऊन वाहतूक पोलीस ई-चलान करू शकतात आणि पहिल्या वेळच्या पाचशे रुपयांचा संदेश मालकाला मुंबईतच मोबाइलवर मिळतो. दूर गेलेल्या मालकापर्यंत त्याच दिवशी पोहोचणारा एवढा एकच उपाय मला आढळला. असा संदेश आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी थांबून फलक वाचतो, हा आमचा अनुभव आहे. सर्वत्र तसेच होईल असे मी म्हणणार नाही.

पासधारकांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. ही आपल्याच गावची, कष्टाने संसार चालवणारी माणसे आहेत. स्टेशन शहराच्या मध्यभागापासून आठ-नऊ किलोमीटर दूर असल्याने, सिटीलिंकच्या बस असल्या तरी, पहाटे घर सोडणाऱ्याला स्वतःची दुचाकी सोयीची वाटते आणि वाहनतळावर चिठ्ठी घेण्यात जाणारी मिनिटे त्याला गाडी चुकवणारी वाटतात. त्याने वाहनतळच वापरावा असे माझे मत आहे आणि मी ते भेटेल त्याला सांगतो. परंतु कुंडी त्याला केवळ ‘येथे नको’ म्हणते, तर फलक ‘येथे नको, समोर चालेल’ असे सांगतो. घाईत असलेल्या माणसाला दुसरे वाक्य लवकर पटते, असे मला अनेकदा दिसले. काही जण तर आता ओळखीने नमस्कार करतात आणि तारीख विचारून गाडी लावतात.

ज्यांची गल्ली दहा फुटांपेक्षाही अरुंद आहे, त्यांना सम-विषमचा फारसा लाभ होईल असे वाटत नाही, कारण एका बाजूच्या गाड्यांनीच तिथली वाट संपते. अशा गल्लीसाठी संपूर्ण पार्किंगबंदीचाच अर्ज करावा. घरात आजारी किंवा अपंग व्यक्ती असेल आणि अर्जाचा निकाल येईपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर मधल्या काळात फाटकात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी वर सांगितलेल्या फोनच्या मार्गाचा उपयोग करावा. बाकीच्यांनी कुंड्यांवर पैसे खर्च करण्याआधी सह्यांचा कागद फिरवावा, असे मी सुचवीन. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी जसजशी वेग घेईल तसतसा वाहतूक शाखेवरचा भार वाढत जाणार आहे, तेव्हा हा अर्ज लवकर गेलेला बरा. अर्जासोबत गल्लीची मोजलेली रुंदी आणि सकाळी आठ वाजता काढलेली छायाचित्रे अवश्य जोडावीत. रुंदी मोजायला रविवारची सकाळ उत्तम, कारण त्या दिवशी पासधारकांच्या गाड्या नसतात आणि दोन्ही भिंतींपर्यंत टेप सरळ ताणता येतो.