स्पार्क, ईएक्स की एसटीएक्स? खाऱ्या पाण्यात कुठली जेटस्की टिकते

तारकर्ली-देवबाग किंवा नागावसारख्या ठिकाणी धंद्यासाठी जेटस्की घ्यायची असेल तर माझं सरळ मत, यामाहाची ईएक्स घ्या आणि जमलं तर ईएक्स डिलक्सच घ्या. स्पीडचं नंतर, आधी इंजिन बघा. १०४९ सीसीचं तीन सिलिंडरचं टीआर-१, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) नाही, म्हणजे बिघडणारी एक महागडी वस्तू मुळातच कमी. सुपरचार्जरवाल्या गाड्या पळतात झकास पण भाड्याच्या धंद्यात त्यांच्या नादी लागू नका. सीडू कंपनीच्या जुन्या १५०३ सीसी सुपरचार्ज्ड इंजिनात सुपरचार्जरच्या क्लचला सिरॅमिकचे वॉशर असायचे, ते फुटले की तुकडे थेट इंजिनात, तेव्हा सेकंडहँड मिळत असेल तर वॉशर मेटलचे टाकलेत का विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीडूची स्पार्क मात्र वेगळी, ८९९ सीसी, साधं इंजिन आणि वजन साधारण १९० किलो, ओहोटीला वाळूतून ओढायची वेळ आली की हा फरक हातांना कळतो. ईएक्स २६० किलोच्या पुढे जाते आणि कावासाकीची एसटीएक्स १६० तर ३८० किलोच्या वर, पण कावासाकी पेट्रोल-ऑइल धरून वजन देते आणि बाकीचे दोघं कोरडं वजन देतात, ते लक्षात ठेवूनच तुलना करा. स्पार्कला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बंद सर्किटमध्ये फिरतो, समुद्राचं पाणी इंजिन ब्लॉकमध्ये जात नाही, हे मला फार आवडतं. पण वारा सुटला की ती लाटांवर आपटत जाते आणि मागे जाडजूड माणूस बसला की वळताना कलते. एसटीएक्स लाट कापत जाते, तिघं बसले तरी ढिम्म, फक्त किनाऱ्यावर ओढताना घाम काढते.

ईएक्सच्या इंजिनात खारं पाणीच फिरतं, त्यामुळे संध्याकाळी नळाची नळी लावून इंजिन आतून गोड्या पाण्याने धुवायलाच (फ्लश) हवं. आधी इंजिन चालू मग नळ, आणि शेवटी आधी नळ बंद, जरा रेस देऊन पाणी बाहेर, मग इंजिन बंद. पोरांना हे पाठ करून घ्या कारण क्रम उलटा झाला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं.

आणि ब्रेक. जेटस्की वळते ती मागून फेकलेल्या पाण्यावर, समोर होडी दिसली की नवीन माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि मग हँडल फिरवून काही उपयोग नाही, गाडी सरळ जात राहते. म्हणूनच डिलक्स म्हटलं, तिला राइड सिस्टीम येते, डाव्या हाताची लिव्हर दाबली की गाडी आवरते. स्पार्क घेतली तर आयबीआरवालीच, म्हणजे सीडूची ब्रेक-रिव्हर्स सिस्टीम असलेलीच घ्या, साधी स्वस्त मिळाली तरी नको.

जुनी बघायला गेलात तर सीट उचलून तळात पाणी-ऑइल साचलंय का बघा, मागून टॉर्च मारून इम्पेलरच्या, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याच्या, कडा बघा, उथळ पाण्यात चालवलेली असेल तर वाळूने कडा खाल्लेल्या दिसतात.