ब्राह्मी मागितली, छत्री मिळाली

हायवेलगतच्या एका मोठ्या रोपवाटिकेत पावसाच्या तोंडावर आम्ही दरवर्षी जातो. यंदा यादीत दोनच नावं होती, ब्राह्मी आणि माका. सासूबाईंना डोक्याचं तेल करायचं होतं.

रोपं एकदम तजेलदार, पिशवीतली माती भुसभुशीत. ब्राह्मी ६० रुपये, माका ४०. घरी आणून ओट्यावर ठेवली, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही कसली ब्राह्मी? ही तर छत्री!"

त्यांनी पान उलटं करून दाखवलं. देठ बरोबर मध्यभागी चिकटलेला, कमळाच्या पानासारखा. ही परदेशी हायड्रोकोटाइल, लोक शोभेसाठी कुंडीत नाहीतर फिशटँकमध्ये लावतात ती. आमच्या देवरुखकडे विहिरीच्या कडेला जी ब्राह्मी पसरते, तिच्या पानाला देठापाशी खाच असते, कडा कातरलेली असते आणि जमिनीवर धावणाऱ्या दोऱ्याला पेरापेराशी मुळं फुटतात.

आता गंमत म्हणजे बरेच वैद्य तिलाही ब्राह्मी म्हणणार नाहीत. ती मंडूकपर्णी, आपला कारिवणा. त्यांची ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी, बाकोपा. तिची पानं इवलीशी, जाडसर, चमच्याच्या आकाराची, दांडीवर समोरासमोर. फूल पांढरट-जांभळं. पान चावलं की तोंड कडू. पण चरकसंहितेतल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणाऱ्या, रसायनांमध्ये नाव आहे ते मंडूकपर्णीचंच. हे मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. "मला काय चरकाने तेल शिकवलं?" म्हणाल्या, आणि कढई घासायला घेतली.

माका मात्र खरा निघाला. पान चुरडून तळहातावर ठेवलं, थोड्या वेळाने रस काळा पडला. तिथल्या कामगाराने कुंपणाकडेची एकदांडीही "हापण माकाच" म्हणून दाखवली होती. ते काही खरं नाही. एकदांडीचं फूल लांबलचक एकट्या देठावर डोलतं, मध्ये पिवळं. माक्याची फुलं बारीक, पांढरी, पानाच्या बगलेत आखूड देठावर.

रोप परत न्यायला गेले. मालकांनी कटकट न करता बदल्यात गवती चहा दिला, वर चहासुद्धा पाजला, हे सांगायलाच हवं. "ताई, सगळीकडे हिलाच ब्राह्मी म्हणतात," एवढंच म्हणाले. खोटं नाही ते. आणखी दोन ठिकाणी मी हीच छत्री याच नावाने पाहिली, म्हणून इथे यांचं नाव लिहीत नाही. पण पोटात घेण्यासाठी कुणी न्यायला आलं तर? पाटीवर शास्त्रीय नाव लिहायला कितीसा खडू लागतो?

रोपांना पाच तारे, वागणुकीला चार, पाटीला एक.

परवा पुन्हा डोकावले. काउंटरवरच्या मुलाने पाटी बदललीय. आता तिच्यावर लिहिलंय, ‘ब्राह्मी, शोची’.