विंडोज ११ अपग्रेडच्या नावाखाली आमच्या कंपनीला १ लाख ३० हजारांना फसवलं, प्लीज वाचा

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स आणि अ‍ॅडमिन बघते, वेगळा आयटीवाला कोणी नाही त्यामुळे कॉम्प्युटरचं सगळं पण माझ्याच गळ्यात. एकूण ३८ कॉम्प्युटर. मागच्या वर्षी विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे सगळीकडे चाललं होतं आणि मालकांनी सांगितलं की दिवाळीच्या आत हे काम उरकून टाका.

ऑगस्टमध्ये एक व्हेंडर आला, ओळखीतूनच आला म्हणून विश्वास बसला. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "मॅडम, १४ तारखेनंतर सगळे पीसी बंद पडतील, जीएसटी पोर्टल पण उघडणार नाही." मी घाबरले, खरं सांगते. आता माहितीये की असं काही नसतं, कॉम्प्युटर चालूच राहतात फक्त सिक्युरिटी पॅच यायचे बंद होतात, आणि ज्यांना वेळ हवाय त्या कंपन्यांना मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन पुढचे पॅच देते, पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरला ६१ डॉलर आणि मग दरवर्षी डबल, जास्तीत जास्त तीन वर्षं. स्वस्त नाहीये पण रस्ता होता, आणि त्याने तो आम्हाला सांगितलाच नाही.

त्याचं कोटेशन होतं लायसन्स २४०० आणि इन्स्टॉलेशन ५००, म्हणजे २९०० एका मशीनला, ३८ चे १,१०,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी. आमचे २२ कॉम्प्युटर जुने होते, सहाव्या-सातव्या जनरेशनचे आय३ आणि आय५. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतं. मी विचारलं होतं त्याला, जुन्यांवर चालेल का म्हणून. तर म्हणे "मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, आम्ही कंपॅटिबल करून देतो." कंपॅटिबल वगैरे काही करता येत नाही हो, इन्स्टॉल करताना प्रोसेसर आणि टीपीएमची तपासणी फक्त बायपास करतात.

रविवारी २८ सप्टेंबरला चार पोरं आली आणि एका दिवसात सगळं फॉरमॅट करून गेली. टॅलीचा बॅकअप मी आधीच दोन ठिकाणी ठेवला होता म्हणून वाचलो, पण परचेसच्या एका मुलीचे आउटलुकमधले तीन वर्षांचे जुने मेल गेले. खंडेनवमीला मशीनींबरोबर कॉम्प्युटरनाही हळदकुंकू लावलं, सगळे खूश, बाकीचं पेमेंट पण त्याच दिवशी सोडलं.

डिसेंबरमध्ये आमच्या एका मोठ्या कस्टमरकडून सप्लायर ऑडिटला माणूस आला आणि त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर दोन गोष्टी बघितल्या. विनव्हर टाइप केलं तर व्हर्जन निघालं २३एच२, म्हणजे विंडोज ११ चंच जुनं व्हर्जन. प्रो एडिशनला त्याचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपलेला! म्हणजे १४ ऑक्टोबरला घाबरून एवढे पैसे घातले आणि चारच आठवडे पुढे सरकलो. आणि जुन्या मशीनवर पुढचं व्हर्जन आपोआप येतच नाही, बायपास केलेलं असतं ना.

दुसरं म्हणजे लायसन्स. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, मग स्लॅश एक्स-पी-आर असं टाकलं की अ‍ॅक्टिव्हेशन कायमचं आहे का ते कळतं. आमच्याकडे एक्सपायरीची तारीख आली. अशा सर्व्हरवरून होणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेशनला केएमएस म्हणतात, ते १८० दिवसांचं असतं आणि परत परत रिन्यू होतं, मोठ्या कंपन्या स्वतःचा सर्व्हर लावून हे रीतसर वापरतात, त्यामुळे तारीख दिसली म्हणजे चोरीचंच असं नाही. पण आमच्याकडे सर्व्हरच नाही! सगळ्या ३८ मशीनवर त्याने क्रॅक (खोटं अ‍ॅक्टिव्हेशन करणारा प्रोग्राम) टाकला होता, आणि अँटीव्हायरसने तो पकडू नये म्हणून विंडोजच्या डिफेंडरमध्ये त्याचं फोल्डर स्कॅनमधून वगळून ठेवलं होतं. ज्या कॉम्प्युटरवर आम्ही बँकेची पेमेंट करतो त्यावर. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्यात जास्त चीड याची येते की उरलेले १६ कॉम्प्युटर नवीन होते, विंडोज १० प्रो ओरिजिनल त्यांच्याबरोबरच आलेलं, त्यांना विंडोज ११ फुकट मिळत होतं. सेटिंगमध्ये अपडेटला जाऊन क्लिक करायचं बस. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अ‍ॅप आहे, कुठला कॉम्प्युटर चालेल ते दोन मिनिटात सांगतं, मी ते आधी चालवलं असतं तर तिथेच कळलं असतं. चांगलं ओरिजिनल पुसून चोरीचं टाकलं आणि त्याचे २४०० घेतले.

बिल काढून बघितलं तर त्यावर लायसन्स हा शब्दच नाही, "ओएस अपग्रेडेशन चार्जेस" एवढंच. खरं व्हॉल्यूम लायसन्स (बऱ्याच मशीनसाठी एकत्र घेतलेलं) कंपनीच्या नावाने निघतं आणि मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅडमिन पोर्टलवर दिसतं, ते लॉगिन हातात आल्याशिवाय फायनल पेमेंट सोडू नका. मी सोडलं. वकिलाकडून नोटीस पाठवलीये, उत्तर नाही, फोन तर पहिल्या दिवसापासूनच उचलत नाही.

त्या १६ मशीनची मूळ की (लायसन्सचा नंबर) बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होती म्हणून त्या नीट इन्स्टॉल करून परत ओरिजिनल झाल्या. सगळ्या बँकेचे पासवर्ड बदलले. जुन्या २२ पैकी नऊ बदलून नवीन घेतोय, बाकीचे इंटरनेटवरून काढलेत, फक्त स्टोअरच्या एन्ट्रीला वापरतो. मालक मला एक शब्द बोलले नाहीत पण त्याचंच जास्त वाईट वाटतं.

परवा समोरच्या गाळ्यातल्या अकाउंटंट ताई विचारत होत्या, त्यांच्याकडे २९०० चं कोटेशन आलंय, घ्यावं का. माणूस दुसरा, कागद तोच, शब्दनशब्द. मी आमचं बिल घेऊनच त्यांच्याकडे गेले.